शीलाताईंनी निवडलेला एअर फ्रायर

दिवाळीच्या आधीचे दहा-बारा दिवस शीलाताई दारव्ह्यात कुणाच्या घरी आहेत, हे आमच्या गल्लीत कुणाला विचारावं लागत नसे. ज्या घरातून तळणाचा वास यायचा, तिथे त्या. राहायला जवळच्या बोरी अरब गावात. सकाळी पहिल्या गाडीने यायच्या आणि चहासुद्धा न घेता पदर खोचून कढईसमोर बसायच्या. चकल्या, शेव, करंज्या, अनारसे. एका घरचं आटोपलं की दुसऱ्या दिवशी दुसरं घर. बाकी वर्षभर साखरपुडा, पोळा, तेरवी, जिथे मोठं तळण निघेल तिथून त्यांना बोलावणं यायचं.

हे काम त्या नवऱ्याकडून, उकंडाकडून शिकल्या. उकंडा लग्नातला आचारी होता. त्याच्या भट्टीशेजारी बसून पुऱ्या लाटता लाटता त्या तेल ओळखायला लागल्या. त्या तेलाकडे फारसं पाहत नसत, ऐकत. चकली पडली की तेलाचा आवाज कसा निघतो, त्यावरून जाळ कमी-जास्त करत. मारेगावकडचं एक लग्न आटोपून परत येताना मोटरसायकलला अपघात झाला आणि उकंडा गेला. पदरात तीन वर्षांची अर्पिता. उकंडाला कामं देणारे म्हणाले, बाईमाणसाला भट्टीवर कोण ठेवते? ते वर्ष त्यांनी लोकांच्या शेतात निंदणाला जाऊन काढलं. दिवाळी तोंडावर आली तेव्हा चंदाबाईंचा निरोप आला, "माह्या घरचा फराळ तू करून दे." शीलाताईंचं स्वतःचं असं ते पहिलं काम. मग चंदाबाईंनीच चार घरी सांगितलं आणि त्या चार घरांनी आणखी दहा घरी. याला आता बावीस-तेवीस वर्षं झाली.

चंदाबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या काकू. त्यांचे यजमान किसनराव कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन होते. रिटायर होऊन घरी बसले तरी कुणाची मोटार बंद पडली की आधी त्यांना हाक जायची. मुलगा रजत पुण्याला नोकरीत. किसनरावांचा सगळा जीव सांबारवडीवर. बारीक चिरलेला सांबार, म्हणजे त्यांच्या पुण्याच्या सुनेच्या भाषेत कोथिंबीर, त्यात खोबरं, खसखस, तीळ घालून परतायचं, बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळायचं आणि तळायचं. शीलाताईंच्या हातच्या सहा वड्या ते एका बैठकीला संपवत आणि वरून शर्टाच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी काढत. त्या तंबाखू-सुपारीवरून काकूंशी त्यांचं रोज वाजायचं.

तीन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, किसनरावांच्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं, दोन स्टेंट टाकले. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. खर्रा बंद, तळण बंद. किसनराव ऐकून घेतल्यासारखं करून आले आणि आठव्या दिवशी ताटावर रुसून बसले. रजतने पुण्याहून फोन केला, "आई, एअर फ्रायर घेऊन टाक. गरम हवेवर भाजतं, चमचाभर तेल पुरतं. बाबांना वडी मिळेल अन् तुलाही टेन्शन नाही." त्याने दोन मॉडेलं पाठवली आणि म्हणाला, यवतमाळला दुकानात दोन्ही ठेवलेली आहेत, स्वतः पाहून घे.

काकू एकट्या जायला तयार नव्हत्या. त्यांनी शीलाताईंना फोन लावला.

"शीला, मले त्या मशिनीतलं काही समजत नाही वं. तू चाल सोबत. तुह्या डोळ्यानं पाह्यलं का मले धीर येईन."

शीलाताई हो म्हणाल्या.  पण त्या वर्षी साखरपुड्याचं एक आणि बारशाचं एक काम हातचं गेलं होतं. दोन्ही घरच्या बायका गोड बोलल्या होत्या, यंदा राहू द्या ताई, आम्ही ती हवेची मशीन घेतली. अर्पिताचं लग्न होऊन ती कळंबला गेली होती. घरात त्या एकट्या. हातातलं काम हेच एक. ते गेलं तर सकाळी उठून करायचं काय, हा विचार तेव्हापासून डोक्यात बसला होता.

जाण्याच्या दिवशी सकाळी त्या काकूंच्या घरी लवकर आल्या. काकूंनी सांगितल्याप्रमाणे सांबारवड्या भरल्या, गुंडाळल्या आणि न तळता तशाच डब्यात ठेवल्या. काकूंचं म्हणणं, दुकानवाले आलूचे काप भाजून दाखवतील, आपल्याला त्याचं काय. आपली वडी त्यात होते का ते पाहायचं.

दुकानातली मुलगी हसतमुख होती. वैष्णवी तिचं नाव. तिने दोन्ही मशिनी शेजारी शेजारी मांडल्या. एक लहान, उभट डब्यासारखी. समोरून ओढायचा खण आणि खणात जाळीची गोल टोपली. दुसरी मोठी, ओव्हनसारखी. काचेचं दार, आत दिवा आणि एकावर एक दोन ट्रे. काकूंनी डबा उघडला. वैष्णवीने वड्यांना ब्रशने तेल लावलं. लहानीच्या टोपलीत पाच वड्या कशाबशा बसल्या, एकीला एक चिकटून. मोठीच्या ट्रेवर आठ वड्या ऐसपैस राहिल्या.

शीलाताई काचेच्या दारासमोर वाकून उभ्या राहिल्या. आतल्या दिव्यात वड्यांचा रंग बदलताना दिसत होता. आधी कडा, मग पाठ. घंटी वाजली, ट्रे बाहेर आला. त्यांनी एक वडी मोडली. पारी कडकन मोडली. आतला सांबार हिरवा राहिला होता आणि बेसन पुरतं शिजलं होतं. कढईतल्या वडीची चव ती नव्हती. पण ती चांगली वडी होती, आजारी माणसाला रोज देता येईल अशी.

मग लहानीचा खण ओढला. वरून वड्या लाल दिसत होत्या. शीलाताईंनी एक उलटवली. जिथे दुसरी चिकटली होती तिथे पांढरट, बेसन ओलसर.

काकूंनी दोन्हींतला वरवरचा तुकडा तोंडात टाकला. "मले तं दोन्ही सारख्याच लागून राह्यल्या," त्या म्हणाल्या. "तू सांग."

वैष्णवी म्हणाली, "काकू, माझं ऐकाल तर मोठा घ्या."

तेव्हा शीलाताई बोलल्या. काय बोलल्या ते त्यांना अजून शब्दन् शब्द आठवतं.

"दुकानवाले मोठीच दाखवतात, काकू. तुमच्या ओट्यावर जागा कुठी हाय तिले? मिक्सर हाय, फिल्टर हाय. अन् आपल्याकडची लाइट कशी, तुमाले माहीत नाही का? एवढी मोठी मशीन झेपन का? खाणारे तुमी दोघं. लाहान घ्या."

यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. ओटा खरंच भरलेला होता, लाइट खरंच कमी-जास्त व्हायची, माणसं दोनच होती. पण उलटवलेली वडी त्यांनी काकूंना दाखवली नाही. टोपलीत ती पुन्हा सुलटी करून ठेवली.

काकूंनी लहान मशीन बांधून घेतली.

घरी आल्यावर किसनरावांनी चष्मा लावून माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. टोपली काढली, हातात फिरवून पाहिली. "काहून एवढी लाहान आणली?" ते म्हणाले. "लाहान मशीन घेतली का माणसाले तिच्या मागं पळा लागते."

"शीलानं पाहून घेतली," काकू म्हणाल्या.

"शीलानं पाह्यली का? मंग ठीकच असन."

शीलाताई तेव्हा दाराशी चपला घालत होत्या. त्या पाच वाजताच्या गाडीने निघून गेल्या.

पावसाळ्यात काकू त्या मशिनीच्या मागे खरंच पळाल्या. मी शेजारून पाहत होते. पाच वड्या टाकायच्या, सहा मिनिटांनी खण ओढून उलटवायच्या, चिकटलेल्या सोडवताना पारी फाटायची, सांबार खाली गळून जळायचा. किसनरावांच्या पहिल्या पाच खाऊन व्हायच्या तोवर दुसऱ्या पाच आत असायच्या. कुणी पाहुणा आला की मग विचारूच नका. "ओल्या बेसनाचा वास येते," ते म्हणत आणि ताट सरकवत. श्रावणात काकूंनी मशिनीवर एक जुना टॉवेल टाकला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शीलाताईंना बोलावलं. पुरणपोळीसोबत भजी, वडे आणि सांबारवडी. कढई पुन्हा चुलीवर चढली. शीलाताई म्हणतात, त्या दिवशी बसमधून उतरताना त्यांना बरं वाटलं. आपलं कुणाला तरी काम पडलं याचं बरं. काकूंनी पीठ भिजवताना सहज विचारलं,

"शीला, एक सांग. ते मोठं मशीन होतं न, काचेच्या दाराचं? ते घेऊन टाकू का? रजत म्हणते, आई, तू सांग, मी पाठवून देतो. त्याच्यात वडी बरी होत असन का वं?"

शीलाताईंच्या हातात झारा होता. उत्तर द्यायला एक क्षण होता आणि त्यांना उत्तर माहीत होतं.

"सगळ्या मशिनी अशाच असतात, काकू," त्या म्हणाल्या. "आपली वडी कढईचीच."

काकू म्हणाल्या, "मले बी तेच वाटते."

किसनरावांनी त्या दिवशी सात वड्या खाल्ल्या. शीलाताई प्रत्येक वडी कागदावर दोनदा दाबून तेल काढत होत्या. ते हसले, "कायले एवढी दाबतं वं? मेलेल्याले अजून मारतं का?" आणि मग म्हणाले, "तुह्या हातचं ते तुह्या हातचं." शीलाताईंना एरवी या शब्दांनी सुख व्हायचं. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही.

पोळ्यानंतर अडवणारं कुणी राहिलं नाही. काकू आधी आठवड्यातून एकदाच तळायचं म्हणायच्या, मग दोनदा झालं. गणपतीला तळण, महालक्ष्म्यांना तळण, दिवाळीला तर कढई चार दिवस उतरलीच नाही. रजत दिवाळीला आला तेव्हा टॉवेलखालची मशीन पाहून आईवर चिडला. काकू म्हणाल्या, "तुह्या मशिनीत काही होत नाही बावा. शीलाले बी विचारून पाह्यलं मीनं." शीलाताई आत चकल्या पाडत होत्या. रजत स्वयंपाकघराच्या दारात आला, त्यांच्याकडे पाहून परत गेला.

डिसेंबरात, थंडी पडल्यावर, किसनराव सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलेले असताना तिथेच कलंडले. यवतमाळला नेईपर्यंत संपलं होतं. खिशात खर्ऱ्याची अर्धी पुडी निघाली. डॉक्टरांनी रजतला सांगितलं, एका कारणाने होत नाही असं. तंबाखू, तळण, वय, गोळ्या वेळेवर न घेणं, सगळं मिळून होतं. हे मी त्यांच्या घरी बसलेली असताना रजतनेच सगळ्यांना सांगितलं. कोपऱ्यात शीलाताई होत्या. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या भिंतीकडे पाहत होत्या.

तेरवीला, तेराव्याच्या जेवणाला, वडे लागतात. ते तळायला शीलाताईंनाच बोलावलं, दुसऱ्या कुणाचं नावही कुणाला सुचलं नाही. त्यांनी दोनशे माणसांचे वडे तळले. बायका म्हणाल्या, शीलाबाई आज बोलत नाही, घरच्या माणसासारखं दुःख झालं तिला.

महाशिवरात्रीच्या सुमारास काकूंनी घर आवरायला काढलं. टॉवेलखालची मशीन खोक्यात भरली आणि शीलाताईंना बोलावून म्हणाल्या, "हे तू घेऊन जा. मले पाहावत नाही. तुह्या एकटीपुरतं चांगलं होईन."

शीलाताईंनी खोक्याला हात लावला नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. दुकानात मोठीतली वडी चांगली झाली होती, मी पाहिलं होतं. लहानीतली कच्ची होती, तेही पाहिलं होतं. तुम्हाला दाखवलं नाही. तुम्ही मशीनवर करायला लागल्या असत्या तर मला बोलावलं नसतं, म्हणून. अन् पोळ्याला तुम्ही विचारलं तेव्हा पुन्हा खोटं बोलले. "पह्यल्यांदा भेवानं तोंडातून निघून गेलं, काकू. दुसऱ्यांदा मी समजून उमजून बोलली."

काकू पलंगावर बसल्या. त्यांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं. शीलाताईंना वाटलं, त्या ओरडतील, रडतील, हाकलून देतील. काकूंनी फक्त विचारलं,

"मी तुले सोबत कायले नेलं होतं वं?"



"कढई तं मीनंच चढवली," काकू पुढे म्हणाल्या, शीलाताईंना नाही, स्वतःलाच सांगत असल्यासारख्या. "वाढलं बी मीनंच. डॉक्टर सांगून राह्यला होता, मले काय समजत नव्हतं?" मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जाय आता. तुही गाडी चुकन."

एप्रिलमध्ये रजत येऊन आईला पुण्याला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. जाताना काकू गल्लीतल्या प्रत्येकीला भेटल्या. बोरी अरबला निरोप पाठवला नाही. शीलाताईंना हे आठ दिवसांनी, बस स्टँडवर, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्यांनी पुण्याला दोनदा फोन लावला. एकदा सुनेने उचलला आणि आई झोपल्या आहेत म्हणाली. दुसऱ्यांदा काकूंनी स्वतः उचलला, "बरी हाय न?" विचारलं, "अर्पिताचं कसं हाय?" विचारलं, आणि फोन ठेवला. शीलाताईंनी तिसरा फोन केला नाही.

हे सगळं मला शीलाताईंनीच सांगितलं. गेल्या वर्षी पावसाळा संपताना आमच्या घरी एअर फ्रायरचा विषय निघाला. सासूबाईंना साखर, मला कोलेस्टेरॉल. मी शाळेतून येताना मोबाइलवर मॉडेलं पाहून पाहून कंटाळले होते. शीलाताई गल्लीत दिसल्या तेव्हा मी सहज म्हणाले, ताई, रविवारी यवतमाळला चला ना माझ्यासोबत, तुम्हाला यातलं कळतं.

त्या जागच्या जागी थांबल्या. "मले नका नेऊ, मॅडम," म्हणाल्या. मी कारण विचारलं. त्या माझ्या घरात आल्या, पायरीवर बसल्या आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं, जराही आडवळण न घेता. मी मध्ये म्हणाले, ताई, किसनरावांचा खर्रा सुटला नव्हता, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. त्यांनी मान हलवली.

"त्याईचं मरण माह्या हातात नव्हतं, ते समजते मले. पण काकू मले विचारून राह्यल्या होत्या. एवढ्या वर्षात त्याईनं मले एकच गोष्ट विचारली, मॅडम. मीठ किती, तेल किती, हे तं मीच सांगत होती. विचारलेली ती एकच."

मग त्या उठून माझ्या स्वयंपाकघरात आल्या. घरात किती माणसं खातात, रोज करणार की सणावारी, पाहुणे किती येतात, सासूबाईंच्या मनगटाला खण ओढवेल का, सगळं विचारलं. ओट्याची जागा विती टाकून मोजली. फ्रिजच्या सॉकेटला मशीन लावू नका, वेगळा जाड वायरचा पॉइंट काढून घ्या, म्हणाल्या. "मोठी घ्या. काचेच्या दाराची. दिवा असला पाह्यजे, आतलं दिसलं पाह्यजे. वड्या एकमेकीले लागू देऊ नका. चकली होईन, पण पिठात मोहन जास्त टाका. अनारसा होणार नाही, त्याच्या नादी लागू नका." वहीत लिहून घ्यायला लावलं. आवाज तोच, कढईसमोर बसून गल्लीतल्या सुनांना शिकवताना असायचा तो.

मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे मोठी मशीन घेतली. उत्तम चालते. सांबारवडी छान होते, चकलीही बरी होते, अनारसे आम्ही विकत आणले. दिवाळीला शीलाताईंना बोलावण्याची गरजच पडली नाही, आणि मी बोलावलं नाही. हे मला दिवाळी होऊन गेल्यावर लक्षात आलं. निदान फराळाचा डबा घेऊन बोरी अरबला जावं असं आठ दिवस मनात होतं. शाळा उघडली, परीक्षांचे पेपर आले, जाणं झालं नाही. गल्लीतल्या आणखी दोन घरांनी माझी मशीन पाहून तशीच घेतली.

मागच्या महिन्यात त्या मला बस स्टँडवर भेटल्या. कळंबच्या गाडीची वाट पाहत होत्या. अर्पिता बरेच दिवसांपासून तिकडेच राहायला बोलावते आहे, म्हणाल्या. तिथे कुणी ओळखीचं नाही, पण इथेही आता फारसं काम निघत नाही. थकल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं,

"मशीन बरी चालते न, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. "अगदी तुम्ही सांगितलं तशी."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. गाडी लागली तशी त्या गर्दीत पुढे झाल्या, आणि दिवाळीला बोलावलं नाही याबद्दल मला जे म्हणायचं होतं ते राहून गेलं.